उंबरठ्याजवळचा वारसा : नाशिकच्या परिसरातील उन्हाळी सहली

अक्षय्य तृतीयेची पारणी आटोपतात, शाळांचे निकाल लागतात आणि व्यापारी घरांतून दरवर्षीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो : सुट्टीत मुलांना न्यायचे कोठे? वैशाख हा लग्नसराईचा महिना. सराफी असो, कापड असो वा भांडी, याच दिवसांत पेढी आठ-पंधरा दिवस बंद ठेवणे परवडत नाही. मग मुले मामाकडे अथवा एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी जातात, घरातील कर्ती माणसे गल्ल्यावर बसतात आणि आजी-आजोबा घर राखतात. सुट्टी होते, परंतु कुटुंबाची सुट्टी होत नाही.

या अडचणीवर सोपा उपाय आहे व तो फारसा कोणी करीत नाही. बाजाराच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी पहाटे निघावे, उन्हे तापण्याआधी एखादे जुने स्थळ पाहावे आणि दुपारच्या भोजनाला घरी परतावे. अशा चार-पाच अर्ध्या दिवसांत तीन पिढ्यांना एकत्र हिंडता येते व दुकानाचे कुलूपही एका दिवसापेक्षा अधिक राहत नाही. प्रत्येक शहराभोवती अशी स्थळे असतात. येथे उदाहरण घेतले आहे ते नाशिकचे. या शहराच्या परिसरात ठेवी, व्याज, नाणी, दुकाने आणि दानधर्म यांचा सुमारे दोन हजार वर्षांचा हिशेब दगडावर कोरलेला आहे. व्यापारी घरातील मुलाला तो जितका सहज कळेल, तितका क्वचितच दुसऱ्या कोणाला कळेल.

त्रिरश्मी डोंगरावरील कायम ठेव

मुंबई-आग्रा महामार्गावर, शहरापासून सुमारे आठ किलोमीटर अंतरावर पांडवलेणी आहेत. नाव पांडवांचे असले तरी ही चोवीस लेणी मुख्यतः बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी व उपासनेसाठी कोरलेली आहेत. शिलालेखांत या डोंगराचे नाव त्रिरश्मी असे येते. पायऱ्यांची चढण पंधरा-वीस मिनिटांची. बहुतेक पर्यटक वर जातात, मूर्ती पाहतात, छायाचित्रे काढतात आणि उतरतात. दहाव्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत मात्र व्यापाऱ्याने थांबलेच पाहिजे.

हे लेणे क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी दिले. येथील एका लेखात त्याने लेण्याच्या खर्चाची तरतूद कशी केली, ते सांगितले आहे. त्याने ३,००० कार्षापणे गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. पैकी २,००० एका श्रेणीकडे शेकडा एक या दराने आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण या दराने. ही मुद्दल कधीही परत घ्यावयाची नाही, केवळ व्याज वापरावयाचे, असे लेख स्पष्ट सांगतो. अशा ठेवीला त्या काळी अक्षयनीवी म्हणत. आपल्या मंदिरांतून व पांजरापोळांतून ज्याला कायम निधी किंवा कायम तिथी म्हणतात, त्याचेच हे जुने रूप होय. दानाची ही रीत अमुक एका धर्माची नव्हती. ती बाजारपेठेची रीत होती आणि सर्व धर्मांनी तिचा उपयोग केला.

येथे आजोबांनी नातवंडांना एक गणित घालावे. दोन हजारांवर शेकडा एक, म्हणजे दरमहा वीस. वर्षाचे किती? दोनशे चाळीस. आता लेखातील पुढचे कलम पाहावे : वर्षावासासाठी राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापणे द्यावीत. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. जमा आणि खर्च तंतोतंत जुळतात. एक कवडीही कमी नाही, जास्त नाही. दर महिन्याचा आहे, हे या जुळणीवरूनच समजते. आजही बाजारात व्याज बोलले जाते ते महिन्याचेच : ‘एक टक्क्याने’, ‘पाऊण टक्क्याने’. मूळ लेखात पाऊण या अर्थी ‘पायून’ असा शब्द आहे. आपल्या तोंडातील रोजचा शब्द इतका जुना आहे, हे ऐकल्यावर मुले त्या भिंतीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात.

ही सर्व देणगी निगमसभेत, म्हणजे नगरातील व्यापाऱ्यांच्या सभेत, वाचून दाखविली गेली व नोंदली गेली, असाही लेखात उल्लेख आहे. दात्याने रक्कम दिली, श्रेणीने ती स्वीकारली आणि पेठेने साक्ष दिली. राजाचा जावई असूनही त्याने पैसा आपल्या खजिन्यात ठेवला नाही. विणकरांच्या पतीवर त्याचा विश्वास होता. राज्ये बदलतात, परंतु पेठेची पत टिकते, हे त्याने ओळखले होते, असेच म्हणावे लागेल. गोवर्धन हे गाव नाशिकजवळ, गंगापूरच्या वाटेवर, आजही त्याच नावाने आहे.

याच लेण्याच्या अंगणात पुढील काळातील आणखी एक लेख आहे. आभीर राजा ईश्वरसेन याच्या कारकिर्दीत विष्णुदत्ता नावाच्या एका उपासिकेने कुंभार, तेली इत्यादींच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. हेतू एकच : आजारी भिक्षूंना औषध मिळावे. आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी दानाची चतुर्विध परंपरा ज्या घरात लहानपणापासून शिकविली जाते, तेथील मुलींना या विष्णुदत्तेची ओळख अवश्य करून द्यावी. आपल्या नावाने ठेव ठेवणारी व तिचा विनियोग स्वतः ठरविणारी स्त्री या नगरीत सुमारे सतराशे वर्षांपूर्वी होऊन गेली.

जैन कुटुंबांनी शेजारचे अकरावे लेणेही पाहावे. बौद्ध वस्ती ओसरल्यानंतर, अकराव्या शतकाच्या सुमारास, येथे जैनांचा वावर होता. भगवान ऋषभदेव आणि अंबिका यांच्या मूर्ती त्याची साक्ष देतात. डोंगर उतरल्यावर त्याच महामार्गावर विल्होळी येथील धर्मचक्र प्रभाव तीर्थ आहे. तेथे दर्शन आणि भोजन करून दुपारपूर्वी घरी परतता येते.

नाण्यावर उमटलेले दुसरे नाणे

उषवदाताचा सासरा नहपान याचे राज्य पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने जिंकले. गौतमीपुत्राची आई बलश्री हिने मुलाच्या पराक्रमाचे वर्णन करणारा लेख पांडवलेण्यांतीलच तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात कोरविला आहे. युद्धाची हकीकत तेथे वाचावी. परंतु बाजारात काय झाले, ते कळते नाण्यांवरून.

१९०६ साली नाशिकजवळील जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सर्व नहपानाची. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली आहेत. जुन्या राजाचा मुखवटा खाली, नव्या राजाची मुद्रा वर. जिंकणाऱ्याने जुने चलन बाद केले नाही, ते वितळविण्यात वेळही घालविला नाही. शिक्का मारला आणि चांदी चालू ठेवली. चलनबदलाचा अनुभव ज्यांनी दुकानात बसून घेतला आहे, त्यांना या निर्णयातील शहाणपण वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

मुलांना जुनी नाणी प्रत्यक्ष पाहावयाची असल्यास त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी येथे भारतीय मुद्राशास्त्र संशोधन संस्थेचे नाणे संग्रहालय आहे. त्याची स्थापना १९८० सालची. जाण्यापूर्वी ते कोणत्या वेळी उघडे असते, याची चौकशी मात्र करून घ्यावी. ज्या मुलांनी पैसा केवळ मोबाइलच्या पडद्यावरील आकड्यांत पाहिला आहे, त्यांना चांदीचे, तांब्याचे, शिशाचे नाणे समोर दाखविणे, हे या सहलीचे मोठे फळ होय.

अंजनेरी : दुकानांच्या उत्पन्नावर चाललेले मंदिर

नाशिकपासून सुमारे वीस किलोमीटरवर, त्र्यंबकेश्वरच्या अलीकडे अंजनेरी गाव आहे. गावाला नाव देणारा गड हनुमानाचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध असून भाविकांची व गिर्यारोहकांची वर्दळ तिकडेच असते. पायथ्याशी विखुरलेल्या जुन्या मंदिरांकडे फार थोडे लोक वळतात. ही मंदिरे यादवकाळातील असून त्यांतील बरीच जैन आहेत. काही शाबूत, काही अर्धी ढासळलेली, काहींचे केवळ चौथरे उरलेले. कोरीव खांब, द्वारशाखा, ललाटबिंबावरील जिनमूर्ती अशा खुणा सावकाश पाहाव्या लागतात. येथे चढण नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आजींनाही झाडाच्या सावलीत बसून सर्व पाहता येते.

यांतील एका मंदिरात शके १०६३ चा, म्हणजे इसवी सनाच्या बाराव्या शतकाच्या मध्याचा, संस्कृत शिलालेख आहे. यादव कुळातील सेउणदेव याच्या काळातील हा लेख. आठवे तीर्थंकर भगवान चंद्रप्रभ यांच्या मंदिराला नगरातील काही दुकानांचे उत्पन्न दिल्याची नोंद त्यात आहे. शेतजमीन वा गाव दान दिल्याचे लेख महाराष्ट्रात पुष्कळ सापडतात; दुकान दान दिल्याचा लेख आपल्या समाजाला अधिक जवळचा वाटावा. अंजनेरी हे त्या काळी नगर होते, त्याला बाजारपेठ होती, त्या पेठेतील दुकानांना भाडे येत होते आणि त्या भाड्यातून देवाची पूजा चालत होती, इतके सर्व त्या थोड्याशा ओळींतून डोळ्यांपुढे उभे राहते.

नाशिक परिसरातील चंद्रप्रभ भगवानांच्या उपासनेला आणखी एक साक्ष आहे. चौदाव्या शतकातील आचार्य जिनप्रभसूरी यांनी आपल्या ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात नासिक्यपुराचा स्वतंत्र कल्प लिहिला असून त्यात येथील चंद्रप्रभ स्वामींचे माहात्म्य वर्णिले आहे. म्हणजे दूर देशीच्या आचार्यांना हे नगर तीर्थ म्हणून ठाऊक होते. आज नाशिकमध्येच वाढलेल्या कितीतरी मुलांना ते ठाऊक नाही.

अंजनेरीत उभे राहिले की एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. मंदिर आहे, परंतु ती दुकाने नाहीत. दानपत्र आहे, परंतु देणाऱ्यांचे वंशज कोण, हे कोणी सांगू शकत नाही. ज्यांनी ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ या भावनेने दान दिले, त्यांच्या पेठेचा मागमूसही उरला नाही. आपणही मंदिरांतून, धर्मशाळांतून, रुग्णालयांतून संगमरवरी पाट्या बसवितो. त्या पाट्यांचे पुढे काय होईल, याचे उत्तर अंजनेरीच्या दगडांत आहे. दगड टिकतो, परंतु तो वाचणारा माणूस नसेल, तर टिकूनही मुका होतो.

अंजनेरीच्या गडावर जाण्याची हौस तरुणांना असल्यास त्यांनी अगदी पहाटे निघावे. वाटेवर कातळात कोरलेले एक लहान जैन लेणेही लागते. या डोंगराच्या कड्यांवर गिधाडे घरटी करतात. देशभरात त्यांची संख्या फार घटली आहे. म्हणून तेथे मोठ्याने गाणी लावणे, फटाके वाजविणे, कड्यावरून दगड ढकलणे हे कटाक्षाने टाळावे. जीवदयेचा पाठ पाठशाळेत जितका मिळतो, तितकाच असा प्रत्यक्ष आचरणातूनही मिळतो.

गजपंथ आणि जुने नाशिक

शहराच्या उत्तरेस, दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळजवळ गजपंथ हे सिद्धक्षेत्र आहे. सात बलभद्रांनी येथून मोक्ष प्राप्त केला, अशी दिगंबर परंपरेची श्रद्धा आहे. डोंगरावर कोरलेली लेणी मध्ययुगीन असून लोक त्यांना चांभारलेणी या नावानेही ओळखतात. पायऱ्या उंच आणि पुष्कळ असल्याने पहाटेची वेळ साधावी, ज्येष्ठांनी पायथ्याशी म्हसरूळच्या मंदिरात दर्शन घेऊन विसावा घ्यावा. वरून पाहिले म्हणजे नाशिक शहर, गोदावरीचे खोरे आणि पलीकडील त्र्यंबकची डोंगररांग एका दृष्टीत सामावते. त्रिरश्मी कोठे, अंजनेरी कोठे, गोवर्धन कोणत्या बाजूस, हे मुलांना येथूनच दाखवावे. भूगोलाच्या पुस्तकात हे मिळत नाही.

एक संध्याकाळ जुन्या नाशिकसाठी ठेवावी. त्यासाठी सुट्टीचीही गरज नाही. भांडीबाजारातून गोदाघाटाकडे उतरावे. नारोशंकराच्या मंदिरावरील प्रचंड घंटा मराठ्यांच्या वसई विजयाची, १७३९ सालची, आठवण म्हणून सांगितली जाते. त्याच घाटावर दुतोंड्या मारुती उभा आहे. महापुरात पाणी त्याच्या कमरेला लागले, छातीला लागले की गळ्याला, यावरून नदीकाठचे दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या अंदाज बांधत आले आहेत. माल वरच्या मजल्यावर केव्हा न्यायचा, हे पेठेने या मूर्तीकडे पाहूनच ठरविले. काळाराम मंदिराशी निगडित १९३० चा, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालील मंदिरप्रवेशाचा सत्याग्रहही मुलांना सांगावा. शहराचा इतिहास सांगताना त्यातील अभिमानाची पाने तेवढी उघडावीत व अन्यायाची मिटून ठेवावीत, हे योग्य नव्हे.

एक पूर्ण दिवस मिळाल्यास

सर्वांना मिळून एक पूर्ण दिवस काढता आला, तर मनमाडजवळील अंकाई-टंकाई पाहावे. एकमेकांना खेटून असलेल्या या दोन किल्ल्यांपैकी टंकाईच्या अंगाला, अंकाई गावाच्या वरच्या बाजूस जैन लेणी आहेत. पायथ्यापासून फार चढावे लागत नाही. द्वारावरील दाट नक्षी, कोरीव खांब, इंद्र आणि अंबिका यांच्या मूर्ती असे वैभव असूनही येथे बहुधा शांतता असते. त्याहून दूर, सटाणा तालुक्यात मांगीतुंगी आहे. तेथील भगवान ऋषभदेवांच्या १०८ फूट उंच मूर्तीची प्रतिष्ठापना २०१६ साली झाली. तेथे बहुतेक कुटुंबे जाऊन आलेली असतात. म्हणून तिच्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही.

निघण्यापूर्वी

वैशाखात दुपारचे ऊन असह्य होते. दहाच्या सुमारास उतरणीला लागता येईल, असा बेत करावा. नवकारशीचे पच्चक्खाण असणाऱ्यांनी सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी पाणी घेऊन मगच चढण सुरू करावी. रिकाम्या पोटी, तहानलेल्या अवस्थेत उन्हात चढणे टाळावे. उकळून गार केलेले पाणी घरूनच पुरेसे न्यावे. खाखरा, ठेपले, चुरमुऱ्यांचा चिवडा, धने-बडीशेपेचे सरबत असा उन्हात न बिघडणारा शिधा बरोबर असला म्हणजे कंदमुळाचा वा रात्रिभोजनाचा प्रश्न उद्भवत नाही. चौविहार करणाऱ्यांची सोय सायंकाळी घरी वेळेत पोहोचल्याने आपोआप होते. सुती कपडे, टोपी, घट्ट बसणारी पादत्राणे आणि लेण्यांतील अंधारासाठी लहान विजेरी एवढे सामान पुरे.

आणखी काही पथ्ये पाळावीत. जुन्या मूर्तींना तेल, शेंदूर किंवा रंग लावू नये. भक्तिभावाने केलेला असा लेपही कोरीव काम झाकून टाकतो. शिलालेखाच्या अक्षरांवर खडू फिरवू नये, हात घासू नयेत. भिंतीवर नाव कोरणाऱ्या मुलाला तेथेच थांबवावे. आणलेला कागद, पिशवी, बाटली परत न्यावी.

प्रत्येक मुलाजवळ एक लहान वही मात्र असावी. पाहिलेले स्थळ, तेथे कोणी काय दिले, कशासाठी दिले आणि आज त्याची स्थिती काय आहे, अशा चार ओळी त्याने त्यात लिहाव्यात. पडलेला खांब, फुटलेली मूर्ती, झिजलेला लेख यांचीही तारीखवार नोंद करावी. दहा वर्षांनी तीच वही पुन्हा घेऊन गेल्यास काय उरले आणि काय गेले, याचा ताळेबंद समोर येईल. संरक्षित स्मारकाची नासधूस झालेली दिसली, तर पुरातत्त्व विभागाला कळविण्यासाठी अशी नोंद उपयोगी पडते. ज्या स्थळाकडे कोणी फिरकत नाही, तेथील एक-एक दगड कोणाच्याही नकळत नाहीसा होतो. ज्या स्थळी दरवर्षी दोन-चार कुटुंबे जातात, तेथे निदान विचारणारे कोणीतरी असते.

व्यापारी घरात वही हातात घेण्याचा संस्कार दिवाळीच्या चोपडापूजनाने होतो. पूर्वजांच्या दगडी वह्या वाचण्याचा संस्कार उन्हाळ्याच्या सुट्टीत व्हावा. त्यासाठी विमानाचे तिकीट लागत नाही आणि पेढीही बंद ठेवावी लागत नाही. आजोबा, सून, नातवंडे यांनी एक रविवार ठरवावा आणि त्रिरश्मीच्या पायऱ्यांपासून आरंभ करावा. वीस गुणिले बारा हा हिशेब त्या ओसरीत उभे राहून एकदा करावा, म्हणजे पुढच्या रविवारी कोठे जायचे, हे मुलेच विचारतील.